गिलाव्याआधीचा माणूस

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतकी बांधकामं चालू असतात, की विटांचा ट्रक आला म्हणून कुणी मान वर करत नाही. पॉइंटकाका करतात. ट्रक कुठे रिकामा झाला, भिंती कुठवर चढल्या आणि गिलाव्याला किती अवकाश आहे, हे त्यांना घरमालकाच्या आधी ठाऊक असतं. मग एखाद्या रविवारी सकाळी मालक बायकोला विटांचा एक चौकोन दाखवून ‘हा आपला हॉल’ असं सांगत असतो, तेवढ्यात मागून आवाज येतो, “टीव्ही कुठे येणार?”

प्रश्न साधा आहे. पण एकाही नवरा-बायकोने त्याला उत्तर म्हणून एकाच भिंतीकडे बोट दाखवल्याचं ऐकिवात नाही. दोन बोटं दोन दिशांना गेली, की काका खिशातून खडू काढतात आणि दोन्ही भिंतींवर एकेक चौकोन आखतात. “दोन्हीकडे पॉइंट देऊ. भांडायचं ते राहायला आल्यावर भांडा. आत्ता भिंत उघडी आहे.”

त्यांचं खरं नाव मतदारयादीत सापडेल. सोसायटीत त्यांना पॉइंटकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही ते आवडतं. दूरसंचार खात्यात उभी नोकरी पुण्याच्या जमिनीखालून वायरी ओढण्यात गेली. निवृत्तीनंतर जमीन सुटली आणि हाती भिंती आल्या. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. त्याला शिंप्याकडून मुद्दाम चार खिसे शिवून घेतलेले. एकात तीन रंगांचे खडू, दुसऱ्यात मोजायची टेप, तिसऱ्यात पितळी होकायंत्र आणि चौथ्यात वीतभर केबल व एक लोहचुंबक. चष्मा विसरतील, पण लोहचुंबक विसरणार नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

या वेडाचं मूळ सिंहगडावर आहे. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते चित्र पुण्यात पोचलं. काका तेव्हा सोळा वर्षांचे. वाड्याच्या कौलांवर चढून ॲन्टेना फिरवायचं काम घरातल्या सर्वांत हलक्या माणसाचं असतं, ते त्यांच्याकडे आलं. खालून वडील ओरडायचे, “मुंग्या! अजून मुंग्या!” आणि हे इंचाइंचाने ॲल्युमिनियमच्या दांड्या गडाकडे वळवायचे. “तानाजी गड चढून गेला,” काका सांगतात, “आम्ही गडावरून जे उतरलं ते झेललं.” त्या ॲन्टेनाचा शोध जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातला, १९२६चा. यागी आणि उदा असे दोघे होते, काम बरंचसं उदाचं आणि जगभर नाव झालं यागीचं. उदाची बाजू काका इतक्या पोटतिडकीने मांडतात, की ऐकणाऱ्याला हा भावकीतला वाद वाटावा.

दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले. गडाकडे तोंड करायचं कारण उरलं नाही. तरी काका प्रत्येक घरात गच्चीपर्यंत जाणारा एक पाइप टाकायला लावतातच. कशाला, असं विचारलं तर म्हणतात, “उद्या जमिनीवरूनच डिजिटल यायला लागलं तर? तेव्हा मी असेन-नसेन, पाइप असला पाहिजे.”

पण खरा रंग भरतो तो डिशच्या वेळी. लोक फ्लॅट घेताना दार पूर्वेला आहे का ते बघतात. काका आग्नेयेला आकाश आहे का ते बघतात. आपल्याकडे दिसणारे डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर असतात. कुणाचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, कुणाचा ९५ अंशांवर. पुणे ७४ अंशांच्या जरा अलीकडे आणि विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी उत्तरेला. म्हणून इथली प्रत्येक डिश दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये कुठेतरी बघते. काका होकायंत्र तळहातावर ठेवतात, एक डोळा मिटतात आणि हात वर उचलून आकाशात एका जागी बोट रोखतात. “तो तिथे. ८३वाला. क्षितिजापासून सहासष्ट अंश.” सगळे वर बघतात. वर घार असते.

आता गंमत अशी, की फ्लॅटचा आग्नेय कोपरा वास्तुवाल्यांनी आधीच स्वयंपाकघरासाठी धरून ठेवलेला असतो आणि स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. म्हणजे आकाश आहे तिथेच धुणं वाळत घालायचं. “काका, डिश हॉलच्या बाल्कनीत नाही का लावता येणार? तिकडून डोंगर दिसतो,” आमच्या सौभाग्यवतींनी विचारून पाहिलं.

“ताई, डोंगर पश्चिमेला आहे. तिकडे तोंड करून डिशला काय दिसणार? डोंगर.”

डिश अखेर ड्राय बाल्कनीतच गेली. चादरी मात्र तिच्यासमोर वाळत घालायच्या नाहीत, असा दंडक काकांनी घालून दिला आहे. ओल्या कापडातून सिग्नल जात नाही. आमच्याकडे चादरी आता बेडरूमच्या दारावर वाळतात.

केबलच्या बाबतीत काकांचा एकच नियम आहे: एक बॉक्स, एक केबल. डिशपासून प्रत्येक टीव्हीपर्यंत वेगळी. केबलवाल्यांच्या दिवसांत एका वायरीला फाटे फोडून घरभर टीव्ही चालायचे, त्यामुळे हे लोकांना पटत नाही. मग काका डिशच्या तोंडाशी असलेल्या त्या पांढऱ्या गोळ्याचं, म्हणजे एलएनबीचं, चरित्र सांगतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी दहा-बारा गिगाहर्ट्झच्या. तेवढ्या वारंवारितेला साधी केबल दमते, म्हणून एलएनबी त्या खाली, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो आणि मग घरात पाठवतो. त्या कामाला लागणारी वीजसुद्धा त्याला त्याच केबलमधून उलटी मिळते, टीव्हीच्या बॉक्सकडून. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एका तऱ्हेच्या वाहिन्या, १८ दिले की दुसऱ्या. “आता एकाच केबलवर दोन बॉक्स लावणं म्हणजे एका रिक्षात बसून एकाने स्वारगेट म्हणायचं आणि दुसऱ्याने शिवाजीनगर. रिक्षावाला जाईल कुठे?” यावर कुणीतरी हमखास म्हणतं, दोघांनाही नाही म्हणेल. पुण्याच्या रिक्षांचा अनुभव म्हणून ते बरोबर आहे. काका मात्र हसत नाहीत. या विषयात ते हसत नाहीत.

आता लोहचुंबक. केबल घ्यायची ती तपकीर गल्लीतून आणि काका बरोबर असतानाच. दुकानदार त्यांना गल्लीच्या तोंडाशी बघून ‘आज गर्दी आहे काका’ असं म्हणू लागतो. काका आरजी-सिक्सचा गुंडाळा मागतात, टोक धरतात आणि नखाएवढ्या लहान चाकूने सोलायला घेतात. आधी काळं आवरण. मग बारीक तारांची जाळी, ती ते मागे वळवतात, केस मागे सारावे तशा हलक्या बोटांनी. मग चांदीसारखा चमकता पातळ पत्रा. मग पांढरा फोम आणि शेवटी मधली तांबूस तार. तिला लोहचुंबक लावायचं. चिकटलं. म्हणजे आत पोलाद, वरून तांब्याचा मुलामा.

“फसवणूक!” असं पहिल्यांदा बघणारा ओरडतो. काका त्याला थांबवतात. एवढ्या वरच्या वारंवारितेचा सिग्नल तारेच्या पोटातून जात नाही, वरच्या सालीवरून जातो. सालीला तांबं असलं की भागलं. मात्र ते १३-१८ व्होल्ट तारेच्या पोटातूनच जातात आणि पोलाद त्यांची वाट अडवतं. वायर दहा-पंधरा मीटर असेल तर काही बिघडत नाही. गच्चीवरून सात मजले खाली उतरायची असेल तर अस्सल तांबंच हवं. हे सगळं काउंटरवर उभं राहून, मागे सहा गिऱ्हाइकं ताटकळत असताना. त्यांतली दोन शेवटी आपला एलईडी बल्ब विसरून केबल घेऊन गेलेली मी पाहिली आहेत. दुकानदार काकांना हाकलत का नाही, याचं उत्तर तिथे मिळालं.

बिचारा खरा कुणी असेल तर तो इलेक्ट्रिशियन. आमचा लातूरकडचा, कामाला वाघ. काकांनी खडूने आखलेल्या रेघा बघत तो बराच वेळ कटर हातात धरून उभा राहिला. लाल रेघ लाइटची, निळी टीव्हीची, हिरवी ‘उद्या’ची. उद्याची म्हणजे आत आज काहीच नसलेल्या पाइपची. “काका, इतक्या झिऱ्या मारल्यावर भिंत ऱ्हाती का वो?”

“झिरी उभी मार, आडवी नको. भिंत राहते.”

पंचवीस मिलिमीटरचा पाइप, त्याहून बारीक नको. वळणावर एल्बो नको, लांब बेंड हवा, कारण केबलला गुडघे मोडून वाकवलं की तिच्या आतला फोम चेपतो आणि तिथूनच पुढे चित्र तुटायला लागतं. लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब, आणि ओलांडायचंच झालं तर काटकोनात. टीव्हीचा पॉइंट टीव्हीच्या मागे, चार फुटांवर. जमिनीलगत दिला की वायर भिंतीवरून लोंबते आणि मग ती झाकायला अडीचशे रुपयांची पट्टी आणा. बाहेरची केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पावसाचं पाणी झोळातूनच गळून जातं, केबलच्या आधाराने सेट-टॉप बॉक्समध्ये उतरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक पाइपाच्या तोंडात सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचा बोळा. हा बोळा काका स्वतः कोंबतात. गिलावेवाल्याचा माल एकदा पाइपात उतरला की तो पाइप मेला.

मग येते इंटिरियर डिझायनर. लॅपटॉप उघडून ती टीव्हीमागच्या लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलचं चित्र दाखवते. त्यात वायर नाहीच. “काका, आता सगळं वायरलेस असतं.”

“बाळ, वायरलेसच्या राउटरपर्यंत काय येतं?”

ती गप्प. राउटर तिने चपलांच्या कपाटात टाकलेला असतो.

एवढं करून काका स्वतः टीव्हीवर काय बघतात, अशी शंका तुम्हाला येईल. काही नाही. सिनेमा नाही, मालिका नाही, बातम्या नाहीत. त्यांचा आवडता कार्यक्रम एकच. मेनू दाबला, सेटिंग्जमध्ये गेलं, की निळ्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात: सिग्नल स्ट्रेंग्थ आणि सिग्नल क्वालिटी. त्या दोन पट्ट्या ते चहा घेत बघू शकतात. चित्र म्हणजे त्यांच्या लेखी सिग्नल पोचल्याची पावती. पावती कुणी वाचत बसत नाही.

२ एप्रिल २०११ची रात्र आमच्या सोसायटीत याच कारणाने अजरामर आहे. वानखेडेवर अंतिम सामना, आणि चित्र सर्वांत स्वच्छ काकांकडे, म्हणून अर्धी इमारत त्यांच्या हॉलमध्ये. फक्त एक अडचण होती. बाकीच्या घरांत तेव्हा जुनी केबल, काकांकडे डिश. चौकार गेला की आधी शेजारून आरोळी यायची आणि दोन-तीन सेकंदांनी आमच्या पडद्यावर बॅट फिरायची. शेवटी कुणीतरी न राहवून विचारलं, “काका, आपल्याकडे उशिरा का?”

विचारायला नको होतं. छत्तीस हजार किलोमीटर वर, छत्तीस हजार खाली, याला सेकंदाचा जेमतेम चौथा भाग लागतो, उरलेला वेळ चित्र दाबून लहान करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात जातो, असं समजावत काका टीव्हीसमोर येऊन उभे राहिले. अकरा चेंडूंत चार धावा हव्या होत्या. नेमका त्याच क्षणी धोनीच्या हेल्मेटपाशी चित्राचा एक चौकोन तुटला. काकांनी रिमोट उचलला. मेनू. सेटिंग्ज. निळा पडदा. शेजारी छप्पर उडावं अशी आरोळी उठली, खाली फटाक्यांची माळ लागली, आणि आमच्यासमोर दोन हिरव्या पट्ट्या. “क्वालिटी ब्याण्णव आहे,” काका पुटपुटले, “मग चौकोन तुटला का?”

काकू आतून म्हणाल्या, “अहो, कप आला की गेला, तेवढं त्यांना सांगा.”

काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं. त्यांच्या घरात प्रत्येक खोलीत पॉइंट आहे, स्वयंपाकघरात आहे, आषाढीची महापूजा बघता यावी म्हणून देवघराजवळही आहे. टीव्ही मात्र एकच. तो चाकांच्या ट्रॉलीवर असतो आणि काका दर काही दिवसांनी त्याला नव्या खोलीत नेऊन तिथल्या पॉइंटवर लावतात. पॉइंट वापरात राहिला पाहिजे, नाहीतर आतून गंजतो, असं त्यांचं मत. काकू हातात भाजीची परात घेऊन आपल्या मालिकेच्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत जातात. मालिकेतली सून सासर सोडून गेली, ते काकूंना बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये कळलं.

या माणसाला कुणीही सहज वेड्यात काढेल. पोरं फोनवर बघतात, टीव्हीला वायफाय आहे, मग केबल कसली? मीही हे ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. काकांनी भिंतीत केबल टाकली खरी, पण त्यांनी खरी पुरली ती जागा. घराघरांत फायबर आलं तेव्हा ते ओढणाऱ्या पोरांनी आसपासच्या नव्याकोऱ्या भिंतींना आणि खिडक्यांच्या चौकटींना सरसकट भोकं पाडली. काकांच्या हिरव्या रेघेच्या घरांत पोरांनी कागदाचा बोळा काढला, स्प्रिंग घातली आणि ते बारीक फायबर चहा व्हायच्या आत हॉलमध्ये पोचलं.

आणि त्यांच्याकडे फोटो आहेत. झिऱ्या मारून पाइप बसले, की गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढायचा, हा काकांचा शिरस्ता. त्यांच्या फोनमध्ये नातवाचे फोटो शोधायला गेलात तर विटा सापडतात. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या विहिणीला त्यांनी ‘ही ब विंगमधल्या ५०२ची उत्तरेची बेडरूम’ म्हणून दाखवली होती. पण रात्री नऊ वाजता पडद्याची पट्टी ठोकायला ड्रिल हातात घेतलेला माणूस त्यांनाच फोन करतो. काका फोटो उघडतात, अंगठा आणि तर्जनीने मोठा करतात आणि सांगतात, “खिडकीच्या डाव्या कडेपासून दीड फूट सोड. मग खुशाल मार.” आजवर त्यांनी सोडायला सांगितलेल्या दीड फुटात कुणी भोक पाडलेलं नाही.

काकांचा धंदा, अर्थात फुकटातला, बुडवला तो वायफायने नव्हे, नव्या बांधकामाने. नव्या टोलेजंग इमारतींना आता विटाच नसतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंत, स्लॅब सगळं काँक्रीटमध्ये एकदम ओतायचं. लोक त्याला मायवान म्हणतात. तिथे झिरी मारता येत नाही, खाली सळई असते. पाइप टाकायचे ते साचा बंद होण्याआधी, आणि ते कुठे टाकायचे हे कंपनीच्या नकाशात कधीच ठरून गेलेलं असतं. तेव्हा घर विकलंही गेलेलं नसतं. टीव्ही कुठे येणार, हे विचारायला समोर नवरा नाही, बायको नाही. अशा एका साइटवर काका खडू घेऊन गेले होते. सुरक्षारक्षकाने हेल्मेट नाही म्हणून गेटवरच अडवलं. आता हेल्मेट घेतलं आहे. तरी आत सोडत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच. तुमचं घर अजून विटांचं असेल, निदान सिपोरेक्सच्या ठोकळ्यांचं असेल आणि गिलावा व्हायचा असेल, तर काकांना आजच बोलवा. पैसे घेत नाहीत, चहा बिनसाखरेचा लागतो. टीव्ही कुठे येणार, हे आधी घरात ठरवून ठेवू नका, त्यांचा हिरमोड होतो. आणि ते गेल्यावर पाइपांची तोंडं एकदा तपासा. गिलावेवाले बोळे काढून टाकतात.